चिलखताचा हप्ता

इतिहासाच्या वाटेला मी सहसा जात नाही. बी.कॉम.ला इतिहास नव्हता, आणि बँकेत फक्त थकबाकीदाराचा इतिहास बघतात. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या भाईंदरच्या घरात चिलखत शिरले आणि माझा नाइलाज झाला.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव आणि त्यांचे चार मित्र दर रविवारी जेवणाच्या टेबलावर एक खेळ मांडतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' त्याचे नाव. सोंगट्या मोजक्या, फासे चित्रविचित्र (एकाला तर वीस बाजू!) आणि बडबड अफाट. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक, कुणी चोर. मी वर्तमानपत्राआड बसलो होतो, तेवढ्यात कानावर आले, "कड्यांचं चिलखत पंचाहत्तर मोहरांचं. रोज पाच मोहरांचं काम. म्हणजे पंधरा दिवसांत तयार!"

हिशेब बरोबर होता. पण बावीस वर्षे बँकेत काढल्यावर बरोबर आलेल्या हिशेबाचाच जास्त संशय येतो.

"अरे, पंधरा दिवसांत साधं कपाट होत नाही सुताराकडून!" मी म्हणालो.

"बाबा, हा २०१४ चा नियम. २०२४ च्या पुस्तकात रोज दहा मोहरांचं काम धरलंय. आता आठच दिवस!"

मी ते पुस्तक मागून घेतले. अंगभर पोलादी पत्र्याचे चिलखत १,५०० मोहरांचे, म्हणून जुन्या नियमाने ३०० दिवसांचे. कच्चा माल निम्म्या किमतीचा. आणि जुन्या नियमात सर्वांत गोड कलम असे, की चिलखत घडवीत असेपर्यंत साधे राहणे-जेवणे फुकट! त्या राज्यात बदलीचा अर्ज करावा असे मनात आले.

या खेळाचा मूळ पुरुष गॅरी गायगॅक्स हाही आमच्यातलाच निघाला. अमेरिकेत विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करी. १९७० मध्ये नोकरी गेली, तेव्हा जोडे दुरुस्त करून त्याने संसार ओढला. १९७१ मध्ये जेफ पेरेनबरोबर त्याने लढायांच्या खेळाचे नियम छापले. त्या पुस्तकाचे नावच 'चेनमेल', म्हणजे चिलखत. १९७४ मध्ये डेव्ह आर्नेसनबरोबर त्याने हा खेळ आणला. इतके सगळे करून गृहस्थाच्या वारसांनी चिलखताचा वेळ काढला तो किमतीवरून! इथेच गोची आहे.

कड्यांचे चिलखत करायचे म्हणजे लोखंडाची तार ओढायची, सळईभोवती गुंडाळायची, कापायची, टोके चपटी करून भोक पाडायचे, कडी शेजारच्या चार कड्यांत ओवायची आणि रिबीट ठोकायचे. एका अंगरख्याला वीस-तीस हजार कड्या. मी पेन्सिल काढली. २५,००० कड्या, कडीला दोनच मिनिटे धरली तरी ५०,००० मिनिटे, म्हणजे ८३३ तास. रोजचे आठ तास धरले तर १०४ दिवस. रविवारची सुट्टी दिली की चार महिने. त्यात चहा धरलेला नाही. उलट पत्र्याच्या चिलखतात कसब मोठे, पण ठोकायचे तुकडे मोजके. म्हणजे किंमत कमी म्हणून वेळ कमी, हे गणित चिलखताला लागूच पडत नाही.

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाचा पायथा. बखरी सांगतात की महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होते, मंदिलाखाली लोखंडी टोप होता, आणि खानाचा वार चिलखतावर खरखरला. पुढची वाघनखे शाळेतल्या पोराटोरांनाही पाठ आहेत. पण वाघनखांच्या आधी एक क्षण असा होता, की सारे स्वराज्य कुणा अनाम कारागिराच्या रिबिटांवर लटकले होते. त्याने शेवटच्या दिवशी कंटाळून दहा कड्या कच्च्या सोडल्या असत्या तर? या विचाराने भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर काटा आला.

"पण एकट्यानं का करायचं?" मांत्रिक म्हणाला. "दोघं बसले की निम्मे दिवस. नियम आहे."

हा नियम मात्र मला एकदम पटला, कारण तो बी.कॉम.ला होता. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये लिहून ठेवले आहे, की टाचण्यांच्या कारखान्यात दहा माणसे कामे वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. एकट्याला वीससुद्धा जमायच्या नाहीत. १४२७ मध्ये माक्लोदिओच्या लढाईनंतर मिलानच्या चिलखतवाल्यांनी चार हजार स्वार आणि दोन हजार पायदळ थोड्याच दिवसांत नखशिखान्त सजवून दिले म्हणतात. माल तयार पडला होता! आमच्या भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत हेच दिसते. एक पत्रा कापतो, दुसरा दाबतो, तिसरा पॉलिश करतो, आणि पातेल्यावर नाव मात्र घेणाऱ्याचे पडते.

"तुमच्या ओळखीचं आहे का कुणी चिलखत करणारं?" चोराने विचारले.

"आहे ना," स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली. "हे काय, समोर बसलेत. वीस वर्षांचं घराचं कर्ज. दोनशे चाळीस कड्या. दर पाच तारखेला एक रिबीट."

हे तिने म्हणावे, हे न्याय्यच होते. गेली नऊ वर्षे दर दुसरी कडी तिच्या शिकवण्यांच्या पैशांतून ठोकली जाते आहे. नाव मात्र पातेल्यावर माझे.

"किती राहिल्या?" चिरंजीवांनी विचारले.

"एकोणसत्तर."

त्याने त्याच्या कागदावर काहीतरी लिहून घेतले आणि वीस बाजूंचा फासा टाकला. दोन पडले. मी पुन्हा वर्तमानपत्राआड गेलो.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला माझ्या डब्याच्या पिशवीत एक पाकीट निघाले. आत पाचशेच्या दोन नोटा. चिरंजीव सातवीतल्या एका मुलाला गणित शिकवू लागल्याचे मला तेव्हा कळले. पाकिटावर लिहिले होते, 'कच्चा माल'.

संध्याकाळी मी त्याला रीतसर पावती दिली. सही करताना अक्षर जरा हलले, पण बावीस वर्षांत तेवढे चालायचेच.