वसईचा पाऊस आणि पानिपतचे हिंव

इतिहासाच्या पुस्तकांत वसईची मोहीम आणि पानिपतची लढाई ही दोन वेगळी प्रकरणे असतात. एक विजयाचे, दुसरे पराभवाचे. १७३९ साली वसई घेणारे चिमाजीअप्पा आणि १७६१ साली पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ हे पितापुत्र होते, ही गोष्ट वंशावळीत नोंदली जाते आणि तिथेच राहते. आम्हांस मात्र या दोन प्रकरणांना जोडणारा आणखी एक धागा दिसतो. तो ऋतूंचा आहे. पित्याने जी मोहीम तडीस नेली तिचे वेळापत्रक सह्याद्रीवरच्या पावसाने ठरवले होते. पुत्र ज्या मुलखात गेला तिथले वेळापत्रक हिमालयावरचे बर्फ ठरवीत असे. मराठ्यांच्या राज्याला पहिले पंचांग तोंडपाठ होते. दुसरे त्याला मुखोद्गत होण्याआधीच परीक्षेची घटका आली.

आरंभ वसईपासूनच करू. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला तुंगारेश्वराचे सुमारे साडेसहाशे मीटर उंचीचे डोंगर, अशा चिंचोळ्या पट्टीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडून वर चढतात, निवतात आणि रिते होतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की आगरांत आणि खाजणांत पाणी भरते, वाटा बंद होतात, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. समुद्र पुन्हा खुला व्हायचा तो नारळी पौर्णिमेला. कोकणातल्या माणसाला हे कुणी शिकवावे लागत नाही.

मराठ्यांची लष्करी व्यवस्था याच ऋतुचक्रावर उभी होती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत आणि पावसाच्या तोंडावर घरी परतत किंवा जिथे असतील तिथे 'छावणी' करीत. 'छावणी' हा शब्द आज आपण लष्कराच्या कोणत्याही तळाला वापरतो, पण त्या काळच्या पत्रांत तो मुख्यतः पावसाळ्याचा मुक्काम या अर्थाने येतो. छप्पर घालून चार महिने बसणे म्हणजे छावणी. शिलेदार हा शेतीशी बांधलेला, घोडा हा गवताशी बांधलेला आणि दोघेही पावसाशी बांधलेले.

वसईची मोहीम १७३७ च्या मार्चमध्ये सुरू झाली. ठाणे आणि साष्टी प्रथम हाती आली, अर्नाळाही त्याच वर्षी पडला. वसईचा कोट मात्र राहिला, आणि त्याच्यापायी दोन पावसाळे मध्ये गेले. १७३९ च्या आरंभी चिमाजीअप्पांनी तारापूर, माहीम असे उत्तरेकडचे एकेक ठाणे घेत शेवटी फेब्रुवारीत वसईला वेढा दिला. या वेळी हाताशी उरले होते जेमतेम चार महिने. जमिनीच्या बाजूने मोर्चे पुढे सरकवायचे, भुयारे खणून सुरुंग भरायचे, तटाला खिंडार पाडायचे, आणि हे सारे आभाळ भरून येण्यापूर्वी. खाडीकाठच्या त्या जमिनीत पावसाचे पाणी शिरले असते तर भुयारे बुजली असती आणि दारू भिजली असती. पोर्तुगीजांनाही पावसाळ्यात समुद्रमार्गे गोव्याची कुमक मिळणे अवघड होते. परंतु वेढ्यातल्यांना तटाच्या आत कोरडे छप्पर होते. बाहेरच्यांना ते नव्हते.

त्याच सुमारास नादिरशहा दिल्लीत होता. बाजीरावांना उत्तरेकडे जायचे होते आणि फौज तर वसईत गुंतलेली. तरीही चिमाजीअप्पांनी वेढा उठवला नाही. मे महिन्याच्या मध्यास सुरुंग उडाले, बुरूज ढासळला, निकराचे हल्ले झाले, फार माणसे कामी आली, आणि १६ मे रोजी शरणागतीची कलमे ठरली. २३ मे रोजी पोर्तुगीज किल्ल्याबाहेर पडले. कोकणात पाऊस सुरू व्हायला तेव्हा दोन-तीन आठवडेच उरले होते. वसईच्या विजयाचे श्रेय शौर्याला, चिकाटीला आणि वज्रेश्वरीला बोललेल्या नवसाला देण्याची आपली परंपरा आहे, आणि ती सोडण्याचे कारण नाही. पण त्या विजयात पावसाच्या अचूक हिशेबाचाही वाटा आहे, एवढे तिच्यात जोडावे.

चिमाजीअप्पा १७४० च्या डिसेंबरात वारले. भाऊ त्या वेळी दहा वर्षांचे होते. पुढे त्यांनी जे पाहिले, जे लढले, ते दख्खनेत: १७४६ ची कर्नाटकाची स्वारी, १७६० ची उदगीरची लढाई. म्हणजे ज्या मुलखात पावसाळा संपला की नद्या पायउतार होतात आणि थंडी हा मोहिमेचा सर्वांत सुखाचा काळ असतो, त्या मुलखात.

आता उत्तरेकडे वळू. सह्याद्री आणि हिमालय या दोन पर्वतांचा स्वभाव मुळात वेगळा आहे. सह्याद्रीला जे मिळते ते तो ठेवत नाही. आज पडलेला पाऊस उद्या-परवा वैतरणेतून किंवा उल्हासेतून समुद्राला मिळतो. हिमालय मात्र ठेव ठेवणारा आहे. डिसेंबर ते मार्च या काळात भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ येत राहतात आणि पश्चिम हिमालयावर थरावर थर बर्फ चढवतात. चैत्र-वैशाखात ते वितळू लागते. सिंधू आणि पंजाबच्या नद्या ऐन उन्हाळ्यात, आभाळात ढग नसताना, फुगू लागतात. मग त्यांत आषाढ-श्रावणाचा पाऊस मिसळतो. आश्विनात पाणी उतरते आणि पौष-माघात, डोंगरावर बर्फ गोठून पडलेले असताना, खाली नद्या सर्वांत रोड असतात. अटकेला सिंधूवर थंडीत नावांचा पूल बांधीत आणि उन्हाळ्यात नदी चढली की तो मोडून ठेवीत. १८८३ मध्ये लोखंडी पूल होईपर्यंत हा क्रम चालू होता.

अहमदशहा अब्दालीच्या स्वाऱ्या या नदीच्या पंचांगाशी ताडून पाहाव्यात. तो बहुधा हिवाळ्याच्या तोंडावर पंजाबात उतरे आणि उन्हाळा तापण्यापूर्वी परत फिरे. १७५७ मध्ये मथुरा-आग्ऱ्याकडे त्याच्या फौजेत पटकी पसरली तेव्हा त्याने लगोलग माघार घेतली. उलट १७५८ च्या एप्रिलमध्ये राघोबादादा लाहोरास पोहोचले ते अब्दाली अंगणात नसण्याच्या ऋतूत, आणि महिनाभरात दक्षिणेकडे वळले. 'अटकेपार झेंडे' हा वाक्प्रचार आपण अभिमानाने उच्चारतो. पण झेंडे रोवणारा एका ऋतूत येऊन गेला होता आणि झेंडे उपटणारा दुसऱ्या ऋतूत येणार होता. १७५९ च्या शरदात तो आला, आणि पंजाबातली मराठी ठाणी टिकली नाहीत. दोघांच्या मोहिमांची पंचांगे एकमेकांशी जुळतच नव्हती. त्यांची खरी गाठ पडायची तर कुणाला तरी, किंवा दोघांनाही, आपले पंचांग मोडावे लागणार होते.

१७६० साली नेमके तेच घडले. अब्दाली परत गेला नाही. उन्हाळा आणि पावसाळा त्याने हिंदुस्थानातच, गंगेकाठी अनूपशहरास काढला. भाऊसाहेब १७६० च्या मार्चमध्ये परतुडाहून निघाले. चंबळेपलीकडे जाईपर्यंत पाऊस लागला, गंभीर नदीने वाट अडवली. इटाव्याजवळ यमुनेवर नावांचा पूल बांधून अंतर्वेदीत उतरण्याचा त्यांचा बेत होता, तो यमुनेच्या पुराने हाणून पाडला. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली. आता एका काठाला मराठे, पलीकडे अब्दाली, आणि मध्ये दुथडी भरलेली यमुना. १७ ऑक्टोबरला भाऊंनी कुंजपुरा घेतला तो अब्दालीच्या देखत म्हणावा असा. नदीमुळे त्याला काही करता आले नाही.

पण नदी उतरत होती. डोंगरात पाऊस थांबला होता, वितळण्याजोगे बर्फ सरले होते, नवे अजून पडायचे होते. मराठी फौज कुरुक्षेत्राकडे निघाली असता ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून आला. उतारांवर पुरेसा पहारा नव्हता, हा दोष भाऊंच्या माथी मारला जातो आणि तो खोटा नाही. आम्ही त्यात एवढीच भर घालू की ही चूक गाफीलपणाइतकीच परक्या नदीच्या अज्ञानाचीही होती. जिचा पूर इटाव्यास बेत मोडतो, ती चार महिन्यांनी किती पाणी ठेवील, याचा अंदाज काठावरच्या रोहिल्यांना होता. तो दख्खनच्या सेनापतीला नव्हता.

नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारीपर्यंत दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर बसून राहिल्या. पानिपतावर बर्फ पडत नाही. परंतु हिमालयात बर्फ पडून विक्षोभ पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे, बोचरे वारे मैदानात उतरतात आणि पाठोपाठ दाट धुके पडते. पौषातल्या पहाटे पारा सहा-सात अंशांवर येणे तिथे नित्याचे आहे. काबूल-कंदाहारच्या माणसाला ही थंडी सौम्यच होती. बुणगे, बायकामुले आणि तीर्थयात्रेच्या आशेने फौजेबरोबर आलेले यात्रेकरू यांना ती कशी लागली असेल, हे सांगण्यास कल्पनाशक्ती लागत नाही. उत्तरेतली बर्फाची तीर्थे मराठी माणसाला अपरिचित नव्हती. पण बदरी-केदार हिवाळ्यात बंद होतात, देवही खाली येतो, हे यात्रेकरूचे ज्ञान होते. ते मोहिमेचे ज्ञान झाले नव्हते.

तरीही एक सावधगिरी आवश्यक आहे. पानिपतचा पराभव थंडीने केला, असे म्हणणे म्हणजे इतिहास हवामानखात्याच्या स्वाधीन करणे होय. अब्दालीनेही आपले पंचांग मोडले होते. आपल्या ऋतूबाहेरचा पावसाळा त्याने सोसला, आणि तो त्याला निभावला, कारण नजीबखानाच्या मुलखातून त्याला धान्य मिळत होते. भाऊंना ऋतूबाहेरचा हिवाळा निभावला नाही, कारण डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली वाट तुटली. ऋतू हा नुसता ऋतू म्हणून सेनेला मारत नाही. तो कोठाराच्या वाटेने येतो. उपाशी माणसाला थंडी अधिक वाजते, एवढा साधा हा संबंध आहे. सूरजमल जाटाने दिलेला सल्ला, की बाजारबुणगे मागे ठेवा आणि गनिमी काव्याने शत्रूला बेजार करा, हादेखील ऋतूच्या भाषेत वाचला पाहिजे. त्याचा इत्यर्थ वेळ काढा असा होता. उन्हाळ्यापर्यंत टिकाव धरला असता तर पंचांग आपल्या बाजूने फिरले असते.

साहित्याच्या अभ्यासकांना यात एक वेगळा प्रश्न दिसावा. 'भाऊसाहेबांची बखर' घ्या किंवा विश्वास पाटील यांची १९८८ ची 'पानिपत' ही कादंबरी घ्या. आपल्या वाङ्मयाने या पराभवाचा शोध प्रामुख्याने स्वभावांत घेतला आहे: कुणाचा अभिमान, कुणाचा हट्ट, कुणाची फितुरी, कुणाचे औदार्य. त्र्यं. शं. शेजवलकरांनी 'पानिपत : १७६१' मध्ये तारखा, भूगोल आणि कागदपत्रे यांच्या आधारे या स्वभावकथेला प्रश्न विचारले, ही मराठी इतिहासलेखनातली मोलाची घटना. तरी बोलीभाषेत बखरच जिंकली. 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार पाहा. पानिपतची लढाई संक्रांतीला झाली अशी सार्वत्रिक समजूत आहे, कारण आज संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. पण निरयन पंचांगातली संक्रांत इंग्रजी तारखांच्या मानाने हळूहळू पुढे सरकते. १८६३ साली ती १२ जानेवारीस होती. त्याच हिशेबाने १७६१ साली ती १० तारखेच्या सुमारास येते. लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीस, बुधवारी, संक्रांत उलटून चार दिवसांनी. म्हणजे सूर्याचे उत्तरायण लागले होते, दिवस मोठा होऊ लागला होता. ऊब यायला मात्र अजून अवकाश होता, आणि छावणीत धान्य नव्हते.

भाषेतच आणखी एक खूण आहे. 'हिमालय' आणि 'हिवाळा' या दोन्ही शब्दांत एकच 'हिम' आहे. एकात ते संस्कृताच्या रूपात जपले गेले, दुसऱ्यात मराठीच्या तोंडी घासून त्याचे 'हिंव' झाले. हिंव म्हणजे थंडी आणि हिंव म्हणजे तापाआधीची हुडहुडीही. प्रत्यक्ष हिमासाठी रोजच्या बोलण्यात आपण फारसीतून आलेला 'बर्फ' वापरतो. जी वस्तू अंगणात पडत नाही तिचे नाव पाहुण्याकडून घ्यावे लागते, यात नवल नाही. परंतु राज्य जेव्हा अंगणाबाहेर पसरते तेव्हा नाव घेऊन भागत नाही. त्या वस्तूचे वेळापत्रकही घ्यावे लागते.

वसईच्या किल्ल्याजवळ चिमाजीअप्पांचे स्मारक आहे. मे महिन्यात तिथे वसईचा विजय साजरा होतो, तेव्हा तुंगारेश्वरावर पहिले विरळ ढग दिसू लागलेले असतात. मोर्च्यांवरच्या माणसांनीही ते १७३९ च्या त्या मे महिन्यात पाहिले असणार, आणि त्यांचा अर्थ त्यांना सांगावा लागला नसणार. वसईची मोहीम शिकवताना या ढगांचाही उल्लेख व्हावा. आणि पानिपत शिकवताना बखरीतल्या स्वभावचित्रांशेजारी यमुनेच्या पाण्याची आणि ते पाणी धरून ठेवणाऱ्या डोंगरांची माहितीही विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. भाऊंचे दोष त्याने पुसले जाणार नाहीत. पण जो सेनापती आपल्या ऋतूच्या बाहेर जाऊन लढला, त्याचा न्याय करताना तो ऋतू कोणता होता, हे तरी आपल्याला ठाऊक असेल.