कायद्याची तारीख आणि आलेखातली रेघ : अमेरिकेतल्या सिगारेट-जाहिरातबंदीची गोष्ट

थिएटरात सिनेमा सुरू व्हायच्या आधी तंबाखूविरोधी जाहिरात लागते आणि शेजारच्या खुर्चीवरून हमखास ऐकू येतं, 'असलं बघून कोण सिगारेट सोडतं?' हा प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. अमेरिकेत १९६७ ते १९७३ या काळात त्याचं एक उत्तर आकड्यांत उमटलेलं आहे. तुमच्यापैकी जे पीएचडीचा विषय शोधताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय, त्यांच्यासाठी ही गोष्ट मुद्दाम निवडली आहे, कारण इथे मी स्वतः घसरले होते.

माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : '१९७१ मध्ये टीव्हीवरच्या सिगारेट-जाहिरातींवर बंदी आली आणि प्रौढांमधलं धूम्रपान घटू लागलं.' गाइडनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि एवढंच विचारलं, 'वर्षवार आकडे पाहिलेस?' पाहिले नव्हते. कायद्याचं वर्ष माहीत होतं, पुढे धूम्रपान कमी झालं हेही माहीत होतं. मधला धागा मीच जोडून टाकला होता.

आधी पार्श्वभूमी बघू. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी धूम्रपानावरचा अहवाल जाहीर केला. पुरुषांमधल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण सिगारेट आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. १९६६ पासून पाकिटांवर इशाराही छापला जाऊ लागला. मग लोकांनी सिगारेट टाकून दिली का? १९६३ मध्ये दर प्रौढ माणसामागे वर्षाला ४,३४५ सिगारेटी खपत होत्या. १९६४ मध्ये हा आकडा ४,२०० च्या आसपास आला आणि १९६६ पर्यंत पुन्हा ४,३०० च्या जवळ गेला. म्हणजे बातमीचा धक्का बसला, पण दोन वर्षांत ओसरलाही.

इथे जॉन बॅन्झाफ हा तरुण वकील गोष्टीत येतो. अमेरिकेत तेव्हा रेडिओ-टीव्हीसाठी 'फेअरनेस डॉक्ट्रिन' नावाचा नियम होता : वादाच्या सार्वजनिक प्रश्नावर एक बाजू दाखवली, तर दुसरीलाही वेळ द्यायचा. बॅन्झाफचा मुद्दा साधा होता. सिगारेटची जाहिरात ही एक बाजूच आहे, मग दुसरी बाजू कुठाय? प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या संघीय आयोगाने जून १९६७ मध्ये हे मान्य केलं. साधारण तीन सिगारेट-जाहिरातींमागे एक धूम्रपानविरोधी जाहिरात, तीही फुकट, दिसू लागली. 'पेरी मेसन' मालिकेत सरकारी वकिलाचं काम करणारा विल्यम टॉलमन फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी होता. त्याने मरण्यापूर्वी अशी एक जाहिरात केली. घराघरात ओळखीचा असलेला तो चेहरा आता स्वतःच्या आजाराबद्दल बोलत होता.

१९६७ मध्ये दरडोई ४,२८० सिगारेटी खपल्या होत्या. १९७० मध्ये हा आकडा ३,९८५ वर आला.

आता नीट लक्ष द्या. जुलै १९६९ मध्ये फिलिप मॉरिसचे प्रमुख जोसेफ कलमन यांनी सिनेटच्या समितीपुढे उद्योगाच्या वतीने सांगितलं की रेडिओ-टीव्हीवरच्या जाहिराती थांबवायला आमची तयारी आहे. एकट्या कंपनीने जाहिरात थांबवली तर गिऱ्हाईक स्पर्धकाकडे जाणार. सगळ्यांची एकदम थांबली तर पैसा वाचणार, आणि सिगारेटची जाहिरात नसेल तर तिच्यावरचं फुकट उत्तरही दाखवावं लागणार नाही. १ एप्रिल १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि २ जानेवारी १९७१ पासून बंदी लागू झाली. कंपन्यांचा पैसा मासिकं, वर्तमानपत्रं, होर्डिंग यांच्याकडे वळला. टीव्हीवरच्या धूम्रपानविरोधी जाहिराती मात्र रोडावल्या.

आणि खप? १९७१ मध्ये ४,०३७, १९७३ मध्ये ४,१४८. वाढला!

मी हे आकडे वहीत उतरवले तेव्हा माझं वाक्य उलटं करून लिहायचा मोह झाला : 'बंदीमुळे धूम्रपान वाढलं.' तेही घाईचंच. त्याच वर्षांत अनेक राज्यांनी सिगारेटवरचे कर वाढवले होते, म्हणजे किंमतही बदलत होती. शिवाय दरडोई खप मोजताना न ओढणारेही भाजकात धरलेले असतात. आकडा खाली आला तर लोकांनी सिगारेट सोडली की ओढणाऱ्यांनी कमी केली, हे त्यावरून कळत नाही. म्हणून दुसरा स्रोत हवा. राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १९६५ मध्ये साधारण ४२ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. १९७० आणि १९७४ मध्ये मात्र हे प्रमाण जवळपास सारखंच, ३७ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे वेगळ्या पद्धतीने मोजलं तरी आधी घट आणि मग थांबा, हेच दिसतं. अर्थतज्ज्ञ केनेथ वॉर्नर यांनी १९७७ मध्ये आणखी अवघड प्रश्न विचारला : धूम्रपानविरोधी मोहीम झालीच नसती तर? त्यांच्या हिशेबाने १९७५ चा खप २० ते ३० टक्क्यांनी जास्त असता. म्हणजे खप वाढतानाही मोहिमेचा परिणाम पुसला गेला नव्हता. ही तुलना 'आधी' आणि 'नंतर'ची नाही, 'झालं' आणि 'झालं नसतं'ची आहे.

हा सगळा कीस कशासाठी? कारण उद्या कुणी आरोग्य अधिकारी आपला प्रबंध वाचून ठरवेल, पैसा कशावर घालायचा. आपण चुकीच्या उपायाला श्रेय दिलं, तर जो उपाय खरंच माणसं वाचवत होता, तोच बंद पडू शकतो. १९७१ मध्ये जवळपास तेच झालं, आणि वर त्याला विजय म्हटलं गेलं.

तेव्हा आजच एक काम करा. तुमच्या विषयातली कायद्याची किंवा योजनेची तारीख कागदावर मधोमध लिहा. तिच्या दोन वर्षं आधी आणि दोन वर्षं नंतर काय सुरू झालं ते लिहा. मग, आणि हे आपण हमखास विसरतो, काय बंद पडलं तेही लिहा. शेवटी त्या कायद्याला कुणी होकार दिला, ते बघा. ज्याच्याविरुद्ध कायदा आहे तोच 'चालेल' म्हणत असेल, तर तिथे थांबा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.