चौकटीवरचा मेझुझा

मेझुझा म्हणजे ज्यू घराच्या चौकटीवर, आत शिरताना उजव्या हाताला बसवलेली लहानशी डबी. ती लाकडाची, पितळेची वा चांदीची असते. तिच्यावर बहुधा ‘शिन’ हे हिब्रू अक्षर असते. बाहेरची नक्षी कारागिराच्या मर्जीची. आतल्या चर्मपत्राला मात्र ती मोकळीक नाही: त्यावर तोरामधील दोन ठरावीक उतारे हातानेच लिहावे लागतात.

पहिल्या उताऱ्याचा आरंभ ‘शेमा’ने, म्हणजे ‘ऐक’ या शब्दाने होतो. आणि येथेच ही वस्तू महाराष्ट्राच्या इतिहासाला भिडते. कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’. परंपरा सांगते की ग्रंथ हरवले तरी ‘शेमा’ त्यांना मुखोद्गत राहिला. चर्मपत्रावर परतण्याआधी तो ओठांवर टिकला होता.

१८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला. रेल्वेच्या आणि लष्कराच्या नोकऱ्यांनिमित्त, ‘कर’ने संपणारी आपली गावनावे घेऊन, यांतील अनेक कुटुंबे खंडाळा-लोणावळ्यावरून पुण्याकडे आली. रास्ता पेठेत १९२१ साली ‘सुक्कथ श्लोमो’ हे प्रार्थनामंदिर उभे राहिले.

१९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. धर्मनियम असा की पुढचा रहिवासी ज्यू असल्यास मेझुझा तिथेच ठेवावा, एरवी उतरवावा. म्हणजे येथे खूण पुसली जाणे हेही परंपरेचे पालनच ठरते. जुन्या वाड्यांचा इतिहास लिहिताना आपण चौकटीवरील गणेशपट्टी वाचतो. जे श्रद्धेनेच उतरवले गेले, ते वाचायलाही शिकले पाहिजे.