सेंट थॉमसची चाल

सनी रॉलिन्सचा ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ हा अल्बम ड्रम्सनं सुरू होतो. मॅक्स रोच कॅरिबियन ठेका धरतो, थोडा वेळ तो एकटाच वाजत राहतो आणि मग रॉलिन्सचा टेनर सॅक्सोफोन एक चाल घेऊन येतो. चाल इतकी सोपी, की ती दुसऱ्यांदा वाजेपर्यंत ऐकणारा गुणगुणायला लागलेला असतो. तिचं नाव ‘सेंट थॉमस’. जॅझ आपल्यासाठी नाही असं ठरवून बसलेल्या कुणालाही पहिल्यांदा हाच अल्बम ऐकवावा, असं मला मनापासून वाटतं. त्याचं कारण या चालीच्या कुळात आहे.

तबकडीवर संगीतकार म्हणून रॉलिन्सचं नाव आहे. चाल मात्र त्याची नव्हे, आणि हे त्यानं स्वतःच वेळोवेळी सांगितलं आहे. लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेलं ते गाणं. आई सेंट थॉमस बेटावरची. तिचं नाव वालबोर्ग. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचं नाव असं अस्सल डॅनिश कसं, तर सेंट थॉमस, सेंट क्रॉय आणि सेंट जॉन ही बेटं 1917 पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होती. त्या वर्षी अमेरिकेनं ती अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून विकत घेतली आणि त्यांना व्हर्जिन आयलंड्स हे नाव मिळालं. राज्य डॅनिश असलं तरी मळ्यांत आणि बंदरांत बोलली जायची ती बेटावर घडलेली इंग्रजी. त्यामुळे गाणी इंग्रजी वळणाचीच राहिली. अनेक अभ्यासक या चालीचं मूळ इंग्लंडातल्या ‘लिंकनशर पोचर’ या लोकगीतापर्यंत नेतात. ते गाणं चोरून शिकार करणाऱ्या पोराचं, अठराव्या शतकात छापलं गेलेलं. बहामा बेटांवर समुद्रातून स्पंज काढणाऱ्यांच्या एका गाण्याशीही तिचं नातं सांगतात. जहाजांवरून गाणी अशीच फिरत. एका बंदरात शब्द गळायचे, दुसऱ्या बंदरात ठेका बदलायचा. सेंट थॉमसला पोचेपर्यंत शिकाऱ्याचं गाणं लहान मुलांचं झालं होतं.

पुढे बेटांवरची माणसं कामधंद्यासाठी न्यूयॉर्कला गेली आणि गाणीही सोबत नेली. रॉलिन्स 1930 साली हार्लेममध्ये जन्मला. वडील सेंट क्रॉयचे, अमेरिकन नौदलात नोकरीला. हार्लेममध्ये ही बेटांवरची गाणी सर्रास ऐकू यायची. जॅझमध्ये ही चाल आणणारा पहिला माणूसही रॉलिन्स नव्हे. पियानोवादक रँडी वेस्टननं ती 1955 मध्ये ‘फायर डाउन देअर’ या नावानं वाजवली होती. वेस्टनचं घराणंही कॅरिबियनशी जोडलेलं. एकाच आजोळची दोन नातवंडं तेच गाणं वाजवतात, तसा हा प्रकार.

मग लोकांच्या कानात रॉलिन्सचीच चाल का राहिली?

22 जून 1956. न्यू जर्सीतल्या हॅकन्सॅक गावात रूडी व्हॅन गेल्डर हा ध्वनिमुद्रक आई-वडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचे आणि उरलेल्या वेळात जॅझ मुद्रित करायचं, असा त्याचा दिनक्रम. त्या दिवशी तिथं चौघं जमले होते. रॉलिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच, पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बेसवर डग वॉटकिन्स. ‘प्रेस्टीज’ ही छोटी कंपनी, तालमींवर पैसा खर्च न करणारी. पाचही रचना एका दिवसात झाल्या. रॉलिन्स तेव्हा पंचविशीतला होता. हेरॉइनच्या व्यसनातून सुटून त्याला फार काळ झाला नव्हता. रोच आणि ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन यांच्या पंचकात तो वाजवत होता, आणि व्यसनापासून दूर राहूनही थोर वाजवता येतं हे ब्राउनकडे पाहून पटलं, असं तो पुढे सांगायचा. या रेकॉर्डिंगनंतर चौथ्या दिवशी ब्राउन मोटार अपघातात गेला. वय 25. अल्बममध्ये या दुःखाची सावली शोधू नये. ते अजून घडायचं होतं.

‘सेंट थॉमस’मध्ये चाल संपल्यावर रॉलिन्स सोलो सुरू करतो तो जेमतेम दोन स्वरांनी. तेच दोन स्वर पुन्हा, मग जरा मागे खेचून, मग ठेक्याच्या आधीच टाकून. जे उरतं त्यात तो एकेक सूर भरत जातो. आपल्या गवयानं बंदिशीचा मुखडा हातातून सुटू न देता बढत करावी, तसं हे आहे. तानांचा मारा करून दिपवण्याची ताकद त्याच्याकडे भरपूर होती, आणि त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये तेच चालत होतं. इथं त्यानं संयम ठेवला, आणि माझ्या मते अल्बमचं मोठेपण यातच आहे. मधे रोच एकटा ड्रम्स वाजवतो, तिथंही कॅरिबियन ठेका कायम ऐकू येतो. त्यानंतर लय बदलते, सरळ स्विंग सुरू होतं आणि रॉलिन्स दुसऱ्यांदा सोलोला येतो. बेटावरचं गाणं हार्लेममध्ये येऊन पोचतं ते इथं, आपल्या कानांदेखत.

हीच पद्धत त्यानं याच अल्बममधल्या ‘मोरिटाट’ला लावली. ही चाल कुर्ट वाइलची, ब्रेख्टच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’मधली, 1928 च्या बर्लिनची. नायकाची भूमिका करणाऱ्या नटाच्या हट्टामुळे ती प्रयोगाच्या तोंडावर घाईघाईनं रचली गेली. रस्त्यावर कळ फिरवून पेटी वाजवत खुनांच्या कहाण्या गाणाऱ्यांचा तो बाज. पु. ल. देशपांड्यांनी याच नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला आणि जब्बार पटेलांनी तो 1978 मध्ये रंगमंचावर आणला, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हे घराणं परकं नाही. लुई आर्मस्ट्राँगनं आदल्याच वर्षी ती चाल गाऊन अमेरिकाभर पोचवली होती. रॉलिन्सनं उचलली ती लोकांच्या ओठांवरची गोष्ट, आणि दहा मिनिटं तिचा पिच्छा सोडला नाही.

शेवटची ‘ब्लू सेव्हन’ एकट्या बेसनं सुरू होते. तिच्यातला विचार इतका सलग आहे, की संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलर यानं 1958 मध्ये तिच्यावर दीर्घ विश्लेषण लिहिलं. थोडक्या स्वरांतून अख्खा सोलो कसा उभा राहतो, हे त्यानं दाखवलं. वाचून रॉलिन्स अवघडला. आपण वाजवताना नेमकं काय करतो हे असं कागदावर पाहिल्यावर वाजवणंच कठीण होऊ लागलं, म्हणून आपल्याविषयीची समीक्षा वाचायची नाही असं त्यानं ठरवलं.

साठच्या दशकाच्या अखेरीस तो मुंबईजवळ पवईच्या एका आश्रमात योग आणि वेदान्त शिकायला येऊन राहिला, आणि 1978 मध्ये पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाला मुंबईत वाजवायला पुन्हा आला. तोपर्यंत ‘सेंट थॉमस’ जगभरातल्या सॅक्सोफोन शिकणाऱ्यांच्या वहीत जाऊन बसलं होतं.

नव्यानं ऐकणार असाल तर क्रम बदलून बघा. आधी ‘सेंट थॉमस’, मग लगेच ‘मोरिटाट’, कारण दोन्हींची चाल कानात राहते आणि रॉलिन्स कुठं वळला ते कळतं. मग ‘यू डोन्ट नो व्हॉट लव्ह इज’ हे संथ गीत. ‘स्ट्रोड रोड’ जलद आहे, तिला दोनतीनदा ऐकल्याशिवाय न्याय मिळत नाही. ‘ब्लू सेव्हन’ सर्वांत शेवटी, दुसरं काही काम हाताशी न ठेवता. पाचही रचना मिळून जेमतेम चाळीस मिनिटं होतात.