१९३८ साल आणि मोमिनाबादची शाळा

बीड जिल्ह्याच्या इतिहासात मोठे साल कोणते, असे कोणालाही विचारा. उत्तर येईल १९४८. त्या वर्षी १७ सप्टेंबरला निजामी अंमल संपला, तेव्हा हे उत्तर चुकीचे नव्हे. पण आपल्याला मी त्याच्याही दहा वर्षे मागे नेणार आहे. १९३८ साली जिल्ह्यात राज्य बदलले नाही की लढाई झाली नाही. बदलले ते एका शाळेच्या हेडमास्तरांचे आयुष्य, आणि त्यांच्यामागून पुष्कळांचे.

त्या वेळचे बीड म्हणजे निजामी दप्तरातले ‘भीर’, आणि आपले अंबाजोगाई म्हणजे ‘मोमिनाबाद’. गावाचे नावच जिथे दोन भाषांत निरनिराळे, तिथे बाकीच्या गोष्टींचे काय सांगावे! रयत बोलणार मराठी. कचेरी आणि कोर्ट चालणार उर्दूत. आपल्याच बांधाच्या तंट्यात काय लिहिले गेले, हे शेतकऱ्याने दुसऱ्याकडून समजून घ्यायचे. हैदराबादेत १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ होते. एका देशी भाषेतून सगळे वरचे शिक्षण देण्याचे ते धाडस मोठे होते, हे मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. फक्त ती भाषा मराठी, तेलुगू वा कानडी मुलांच्या घरची नव्हती, एवढेच.

आणि सभा? ‘गश्ती निशान ५३’ नावाचे एक सरकारी परिपत्रक होते. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा, असा त्याचा मतलब. आता गंमत पाहा. आष्टी तालुक्यातला माणूस शीव ओलांडून नगर जिल्ह्यात गेला, की तो मुंबई इलाख्यात. तिथे जुलै १९३७ पासून बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ. भाषा तीच, आणि शिवेच्या अलीकडे मात्र तोंडाला कुलूप.

म्हणून इकडचे राजकारण शाळेच्या, वाचनालयाच्या आणि साहित्य परिषदेच्या रूपाने वावरत होते. मोमिनाबादची योगेश्वरी शाळा अशांपैकीच. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून स्वामी रामानंद तीर्थ १९३५ साली इथे आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारीही आले. स्वामीजी मूळचे व्यंकटेश खेडगीकर. कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेले, १९३० साली संन्यास घेतलेले. मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी ज्या गावात, तिथे भगव्या वस्त्रातला हेडमास्तर कोणाला परका वाटणार? पण हा संन्यासी मुलांना मोक्षाचे धडे देत नव्हता.

आपल्या भाषेसाठी शिक्षकाने तुरुंग पत्करावा, हे त्या काळात इथेच घडत होते असे मात्र नाही. तिकडे इंग्लंडच्या कुशीत वेल्स नावाचा देश आहे. १९३६ साली तिथल्या तिघांनी विमानदलाच्या एका बॉम्बफेक-शिक्षणतळाला आग लावली आणि स्वतःच पोलिसांत जाऊन तसे सांगितले. एक कॉलेजातला अध्यापक, एक शाळामास्तर, एक धर्मोपदेशक. प्रत्येकाला नऊ महिन्यांची कैद झाली. पुढे १९३८ साली कार्डिफच्या राष्ट्रीय साहित्य-संगीत मेळाव्यात, कोर्टात वेल्श भाषेला स्थान द्या, असा लोकांचा अर्ज सुरू झाला. १९४२ साली कायदा होऊन थोडेसे पदरात पडले. आपल्याकडे अर्ज करण्याची सोय तरी कुठे होती!

आता १९३८ कडे वळू. फेब्रुवारीत हरिपुऱ्याला सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. संस्थानांतल्या प्रजेने आपला लढा आपणच चालवावा, काँग्रेसच्या नावाने तो चालवू नये, असे तिथे ठरले. आपल्याकडच्या लोकांना हे कडूच लागले असेल. पण दुसऱ्याच्या खांद्यावरचे ओझे आपल्या खांद्यावर घ्यायला त्यानेच भाग पाडले. महाराष्ट्र परिषद १९३७ साली परतूरला भरली होती. १९३८ मध्ये ती लातूरला भरली. परिषदेत दोन मते होती. अर्जविनंत्यांनी, सरकारने नेमलेल्या सुधारणा समितीच्या वाटेने जावे, हे एक. आता पुरे, हे दुसरे. स्वामीजी दुसऱ्या मताचे. त्यांनी त्याच वर्षी शाळा सोडली.

हा निर्णय सोपा होता असे समजू नका. अशा मुलखात चालती शाळा हीच केवढी मिळकत! मुख्य माणूस तुरुंगात गेला, तर सरकारची नजर शाळेवर वळणार, हे उघड होते. शाळा टिकवणे हेसुद्धा देशकार्यच, असे कोणी म्हटले असते तर ते खोटे ठरले नसते. तरी मला वाटते, की स्वतः बाहेर न पडता मुलांना निर्भयता शिकवणे त्या हेडमास्तरांना फार काळ जमले नसते.

उन्हाळ्यानंतर घटना भराभर घडल्या. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याची घोषणा झाली. संस्था रीतसर उभी राहण्याआधीच, ७ सप्टेंबरला, तिच्यावर बंदी आली. ती जातीय आहे, असा सरकारचा आरोप. ‘काँग्रेस’ हे नाव तेवढे टाका, असाही आग्रह झाला. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल आणि त्यांच्या साथीदारांनी सत्याग्रह केला. पाठोपाठ स्वामीजींची तुकडी गेली. नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजातली आणि उस्मानियातली मुले ‘वंदे मातरम्’साठी अडून बसली. त्यांची नावे कमी झाली. नागपूर विद्यापीठाने त्यांना पदरात घेतले. त्या मुलांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक विद्यार्थी होता, जो पुढे १९९१ साली देशाचा पंतप्रधान झाला.

आणि डिसेंबर संपता संपता गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह थांबवण्यात आला. आर्य समाज आणि हिंदु महासभा यांचीही आंदोलने त्याच वेळी चालू होती. तेव्हा दोहोंची सरमिसळ होऊन जातीयतेचा आरोप पक्का होऊ नये, हा त्यामागचा विचार. तुरुंगातल्या माणसांना तो किती रुचला असेल, याची कल्पना आपणच करा. बंदी उठली ती थेट १९४६ साली.

१९५२ च्या पहिल्या लोकसभेत योगेश्वरीचे दोन जुने मास्तर दिल्लीला गेले. स्वामीजी गुलबर्ग्याहून काँग्रेसचे म्हणून, आणि परांजपे बीडहून विरोधी लोकशाही आघाडीचे म्हणून. एका शिक्षकखोलीत बसलेली ही माणसे आता एकाच सभागृहात समोरासमोरच्या बाकांवर होती.