दुवा-समूहन आणि त्यातील दोषांचा शोध

दुवा-समूहन : संगणकांच्या जाळ्यातील दोन स्विचांना जोडणाऱ्या दोन किंवा अधिक समांतर तारा एकत्र बांधून त्यांचा उपयोग एकाच जोडणीप्रमाणे करण्याच्या तंत्राला दुवा-समूहन म्हणतात. संगणकाकडून येणारी माहिती ठराविक बांधणीच्या तुकड्यांत येते. या तुकड्यांना चौकटी म्हणतात. चौकटीवरील पत्ता वाचून ती योग्य त्या पोर्टमधून पुढे पाठविणारे उपकरण म्हणजे स्विच. समूहनामुळे वहनक्षमता वाढते आणि एखादी तार तुटली, तरी उरलेल्या तारांवरून वाहतूक चालू राहते. युक्ती वरवर साधी दिसते. तथापि स्विचांच्या जोडणीत जे दोष हुडकून काढण्यास अवघड ठरले आहेत, त्यांत समूहनातील दोषांना वरचे स्थान द्यावे लागेल. अशा प्रसंगी पुष्कळदा तार शाबूत असते, पोर्टवरील दिवाही तेवत असतो. दोन टोकांची एकमेकांविषयीची समजूत मात्र जुळत नसते. ही समजूत गृहीत न धरता ती परस्परांना विचारून पक्की करण्याची सोय कशी होत गेली, हाच या तंत्राच्या इतिहासाचा गाभा होय.

रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पॅलो आल्टो (कॅलिफोर्निया) येथील संशोधन केंद्रात इथरनेट हे जाळे विकसित केले. त्यात सर्व संगणक एकाच केबलीला जोडलेले असत आणि वेग सेकंदाला २·९४ मेगाबिट होता. १९८० मध्ये डिजिटल इक्विपमेंट, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी १० मेगाबिट वेगाचे विनिर्देश प्रसिद्ध केले आणि १९८३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.३ या क्रमांकाच्या मानकास मान्यता दिली. केबल एकच व तीवर एका वेळी एकालाच बोलण्याची मुभा, अशी स्थिती असल्यामुळे समांतर मार्गांचा प्रश्न तेव्हा उद्भवला नाही. निरनिराळे केबलखंड सेतू-उपकरणांनी जोडले जाऊ लागले, तेव्हा तो उद्भवला. इथरनेटच्या चौकटीवर ती किती सेतू ओलांडून आली याची नोंद नसते. त्यामुळे दोन सेतूंमध्ये दोन मार्ग असल्यास सर्वांसाठी धाडलेली चौकट त्या वर्तुळात फिरतच राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि सारे जाळे ठप्प होते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधून काढली. सेतू आपसांत लहान संदेश पाठवून जाळ्याचा एक वृक्ष ठरवितात व वर्तुळ पुरे करणारे जादा मार्ग बंद ठेवतात. आपत्ती टळली, पण तिची किंमतही होती. दोन स्विचांमध्ये चार तारा टाकल्या, तरी त्यांतील तीन स्वस्थ पडून राहत.

या स्वस्थ पडलेल्या तारा कामाला लावण्याची गरज लवकरच भासू लागली. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे ज्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते, त्या कॅलिफोर्नियातील कंपनीने १९९० मध्ये सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचे नाव ‘कल्पना’ होते. आपल्याकडचा हा ओळखीचा शब्द स्विचांच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. याच कंपनीने पुढे अनेक पोर्ट एकत्र बांधण्याची ‘इथरचॅनल’ ही पद्धत विकसित केली. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने कल्पना विकत घेतली व इथरचॅनल हे नाव सिस्कोच्या उपकरणांबरोबर सर्वत्र पोहोचले. त्याच वर्षी अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या गॉडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग व डॉनल्ड बेकर यांनी सोळा सामान्य संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ हा संगणकसमूह उभारला. प्रक्रियकांच्या मानाने १० मेगाबिटांचे इथरनेट फार मंद पडत असल्यामुळे त्यांनीही इथरनेटच्या जोडण्या एकत्र बांधल्या होत्या.

स्विच बनविणाऱ्या इतर कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. मात्र प्रत्येकीची रीत वेगळी व नावही वेगळे. टेलिफोनच्या परिभाषेत दोन केंद्रांमधील वाहिनीला ट्रंक म्हणत. ‘ट्रंक कॉल’ नोंदवून तासन्‌तास वाट पाहिलेल्या पिढीला हा शब्द नवा नाही. काही कंपन्यांनी एकत्र बांधलेल्या तारांना ट्रंक म्हटले, तर सिस्कोच्या बोलीत अनेक आभासी जाळ्यांची वाहतूक नेणाऱ्या कोणत्याही जोडणीला, मग ती एकाच तारेची का असेना, ट्रंक म्हणतात. एका टोकाच्या अभियंत्याने ‘ट्रंक करून ठेवा’ म्हणावे आणि दुसऱ्या टोकाच्याने भलतेच काही करून ठेवावे, हे या नामभेदामुळे सहज घडू शकते. नोव्हेंबर १९९७ मध्ये आयईईईच्या ८०२.३ गटाने सर्व कंपन्यांना लागू पडेल असे मानक तयार करण्याचा विषय हाती घेतला आणि २००० मध्ये ८०२.३एडी हे मानक संमत झाले. समूहन हे केवळ इथरनेटपुरते मर्यादित नसल्यामुळे २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या स्वतंत्र मानकात हलविण्यात आले.

समूहनाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज वेगाबद्दलचा आहे. एक गिगाबिटाच्या दोन तारा बांधल्या म्हणजे दोन गिगाबिटांची एक तार होते, असे नाही. चौकटी आळीपाळीने दोन्ही तारांवर टाकल्या, तर एका तारेवरची चौकट मागून निघून आधी पोहोचू शकते. क्रम बिघडल्यास टीसीपी या प्रोटोकॉलला माहिती गहाळ झाल्याचा भास होतो. तो तीच माहिती पुन्हा पाठवितो व स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून एका संभाषणाच्या चौकटी क्रमानेच पोहोचल्या पाहिजेत, हा मानकाचा दंडक आहे. तो पाळण्यासाठी पाठविणारा स्विच चौकटीवरील पत्त्यांवरून एका गणिती सूत्राने तार निवडतो. या सूत्राला हॅश म्हणतात. पत्ते तेच, तर तारही तीच. परिणामी एका संभाषणाला एका तारेपेक्षा अधिक वेग कधीच मिळत नाही. लाभ होतो तो संभाषणे पुष्कळ असतील तेव्हाच.

विभागणी समान होईल याचीही हमी नसते. सिस्कोच्या जुन्या स्विचांत हॅशची आठच मूल्ये असत. ती तीन तारांत वाटली म्हणजे तीन, तीन व दोन अशी पडत. दोन राउटरांच्या मधल्या जोडणीवर तर प्रत्येक चौकटीवर त्याच दोन राउटरांचे इथरनेट पत्ते असतात. सूत्र तेवढेच पत्ते पाहत असेल, तर सगळी वाहतूक एकाच तारेवर लोटते व बाकीच्या रिकाम्या राहतात. ‘समूहन चालत नाही’ अशा तक्रारीमागे प्रत्यक्षात एवढेच कारण असणे मुळीच दुर्मिळ नाही. सूत्रात आयपी पत्ते व पोर्ट क्रमांक घेतले की ती दूर होते. तार निवडण्याचा अधिकार प्रत्येक स्विचला आपल्याकडून जाणाऱ्या वाहतुकीपुरताच असल्यामुळे हा बदल दोन्ही टोकांना करावा लागतो.

खरे दोष यापुढचे आहेत. सुरुवातीच्या पद्धतीत समूह हाताने बांधला जाई. या चार पोर्टांना एक समज, असे स्विचला सांगितले की तो समजे. पलीकडे कोण आहे याची चौकशी तो करीत नसे. समजा, पहिल्या स्विचवर दोन तारांचा समूह बांधला आणि दुसऱ्यावर तो बांधायचा राहून गेला. पहिल्याला जोडलेल्या एखाद्या संगणकाने सर्वांसाठी चौकट पाठविली, तर ती एका तारेवरून दुसऱ्या स्विचकडे जाते. त्याच्या दृष्टीने दुसरी तार हे निराळेच पोर्ट असते. तो ती चौकट तिच्यावरून परत धाडतो. पहिला स्विच त्यावरून असा निष्कर्ष काढतो की, आपल्याच अंगणातला संगणक आता पलीकडे राहावयास गेला. आणि त्याच्यासाठी आलेली माहिती पलीकडे पाठवू लागतो. त्या संगणकाने पुन्हा काही पाठविले की चूक दुरुस्त होते आणि क्षणात परत घडते. वापरणाऱ्याला जाळे कधी चालते, कधी बंद पडते एवढेच कळते. अशा वेळी स्पॅनिंग ट्रीही उपयोगी पडत नाही. पहिला स्विच समूहाला एक पोर्ट मानत असल्यामुळे आपला संदेश एकाच तारेवर पाठवितो. दुसऱ्या तारेवर काहीच ऐकू न आल्यामुळे दुसरा स्विच ती निर्धोक समजून खुली ठेवतो. एकाच संगणकाचा पत्ता दोन जागी आलटून पालटून दिसत असल्याच्या नोंदी स्विचच्या रोजनाम्यात आढळल्या, तर प्रथम हा संशय घ्यावा.

यापेक्षाही फसवा दोष मधल्या उपकरणामुळे होतो. तांब्याच्या तारेवरील संकेत प्रकाशीय तंतूवर चढविणारे परिवर्तक मध्ये असेल, तर तंतू तुटल्यावरही स्विच व परिवर्तक यांमधील तार जिवंत राहू शकते. हाताने बांधलेला समूह अशा तारेवर चौकटी टाकीत राहतो व त्या नाहीशा होतात. चार तारांपैकी एकीचे असे झाले, तर सुमारे चौथा हिस्सा संभाषणे मरतात व बाकीची सुरळीत चालतात. एका कारकुनाच्या संगणकावरून एक सेवा मिळते, दुसरी मिळत नाही. शेजारच्या टेबलावर नेमके उलटे. सगळे बंद पडले असते, तर कोणीही तार तपासली असती. अर्धवट बिघाडात मात्र दोष संगणकावर, आज्ञावलीवर, कधी वापरणाऱ्यावरही ढकलला जातो. तंतूच्या टोकावर धूळ बसून एकाच तारेवर चौकटी खराब होऊ लागल्या, तरी लक्षणे अशीच दिसतात.

२००० च्या मानकातील नियंत्रण प्रोटोकॉल, म्हणजे एलएसीपी, हा यावरचा उतारा होय. त्यात प्रत्येक स्विच प्रत्येक तारेवरून ठराविक काळाने एक लहान संदेश पाठवितो. त्यात स्वतःची ओळख व समूहाचा क्रमांक असतोच. शिवाय समोरच्याविषयी आपणास काय कळले आहे, तेही असते. आपले म्हणणे पलीकडे पोहोचले की नाही, हे त्यामुळे पडताळता येते. तार चुकून तिसऱ्याच स्विचमध्ये बसविली गेली, तर ओळख जुळत नाही व ती समूहाबाहेर राहते. संदेश दर सेकंदाला किंवा दर तीस सेकंदांनी पाठविता येतो. तीन संदेशांइतका काळ, म्हणजे ३ किंवा ९० सेकंद, काहीच आले नाही तर तार गळते. नव्वद सेकंद हा काळ कागदावर अल्प वाटतो. पैशांच्या व्यवहारांचे जाळे सांभाळणाऱ्यास तो अल्प वाटत नाही.

एलएसीपीलाही मर्यादा आहेत. दोन्ही टोके ‘निष्क्रिय’ ठेवल्यास दोघेही दुसऱ्याने बोलण्याची वाट पाहतात व समूह बनत नाही; किमान एक टोक ‘सक्रिय’ लागते. एकीकडे एलएसीपी व दुसरीकडे हाताने बांधलेला समूह असल्यास जुनाच घोटाळा उद्‌भवतो. म्हणून दोषशोधाची सुरुवात दोन्ही स्विचांवरील नोंदी समोरासमोर ठेवून करावी लागते. समोरच्याची ओळख सगळी शून्ये दिसत असेल, तर पलीकडून उत्तर येत नाही. ओळख दिसते पण तार समूहात नाही, अशा वेळी पोर्टांचा वेग, आभासी जाळ्यांची यादी व समूहाचे क्रमांक ताडून पाहावे. त्यानंतर प्रत्येक तारेवरील खराब चौकटींची संख्या पाहतात. घाईने एकेक तार बंद करून पाहण्याचा मोह टाळलेला बरा. तार बंद होताच हॅशची वाटणी बदलते, बंद पडलेली संभाषणे चालू होतात आणि चालणारी कदाचित बंद पडतात. मूळ लक्षण हरवते. नवा समूह बांधतानाही पोर्ट आधी बंद करून, दोन्ही टोके जुळवून मग उघडण्याची रीत आहे.

एका टोकाचा अख्खा स्विच बंद पडला, तर समूहातील सर्व तारा एकदमच जातात. हे टाळण्यासाठी समूहाच्या तारा दोन निरनिराळ्या स्विचांत विभागण्याच्या पद्धती अनेक कंपन्यांनी काढल्या व २०१४ मध्ये ८०२.१एएक्सच्या सुधारित आवृत्तीत अशा विभागलेल्या समूहाचा समावेश झाला. यात दोन स्विच एलएसीपीच्या संदेशांत एकच ओळख सांगतात, त्यामुळे पलीकडच्याला ते एकच भासतात. दोघांचा मेळ राखणारी आपसांतील जोडणी तुटली, तर मात्र दोघेही स्वतःला खरा समजून कारभार चालू ठेवण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी जोडीदार जिवंत आहे की नाही, हे वेगळ्या मार्गाने तपासतात. तो जिवंत आढळल्यास दोघांपैकी दुय्यम ठरविलेला स्विच आपल्याकडील समूहाची पोर्ट आपणहून बंद करतो.