चिखलातले लोटस

मंडळी, जुन्या मोटारींच्या शौकिनांत एक वाद कधी संपत नाही. जुनी गाडी हाती आली की तिची मूळ बॉडी जपायची, की उतरवून मनासारखी नवी बांधायची? हा वाद निघाला की मला १९४८ सालचा लंडनचा एक कॉलेजकुमार आठवतो. त्याचे नाव कॉलिन चॅपमन.

तो युनिव्हर्सिटी कॉलेजात इंजिनियरिंग शिकत होता आणि फावल्या वेळात मित्राबरोबर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करत होता. १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खाजगी मोटारींचे पेट्रोलचे रेशन बंद केले. पेट्रोलच नाही तर गाडी घेणार कोण? बाकीच्या गाड्या मिळेल त्या भावाला गेल्या, एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी गळ्यात पडली.

ऑस्टिन सेव्हन म्हणजे तिकडच्या मध्यमवर्गाची गाडी. १९२२ ते १९३९ या काळात सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. खाली इंग्रजी 'ए' अक्षरासारखी साधी चासी आणि वर बोल्टांनी बसवलेली बॉडी. बोल्ट सोडले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येई. त्यामुळे कितीतरी हौशी मंडळींनी घरच्या घरी आपापल्या बॉड्या तिच्यावर चढवल्या. मात्र ही चासी लवचिक होती. खडबडीत रस्त्यावर ती पिळवटायची, आणि वर नुसती सुंदर बॉडी चढवून हा दोष जाणार नव्हता.

चॅपमनने मैत्रिणीच्या, म्हणजे हेझलच्या, घरामागच्या गॅरेजमध्ये काम सुरू केले. पत्रा ठोकून गोलाई आणायची तर कसबी डेंटर हवा. सपाट फळीला करवत पुरते. त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेले प्लायवूड निवडले आणि विमानबांधणीच्या धर्तीवर आत आडव्या भिंती घालून ते बसवले.

याने काय साधले? घरातली काडेपेटी घ्या. आतला खण काढून नुसते बाहेरचे टरफल दोन बोटांनी दाबा, लगेच चपटे होते. खण परत घाला आणि दाबून बघा! कागद तोच, पण आता तो सहजी वाकत नाही. चॅपमनची बॉडीही अशीच चासीच्या मदतीला आली. अंगावर चढवलेला झगा न राहता ती गाडीच्या हाडांचा भाग झाली.

चिखलातल्या चढणींच्या स्पर्धांत ही गाडी उतरली. नाव ठेवले लोटस. आपल्याला चिखलातले कमळ आठवणारच, पण त्याच्या मनात काय होते ते त्याने कधी जाहीर केले नाही. १९५२ मध्ये कंपनी निघाली, १९५४ मध्ये हेझलशी लग्न झाले. १९५७ ची लोटस एलिट आली ती वेगळ्या चासीवाचून, फायबरग्लासची बॉडीच सगळा भार पेलणारी. १९६२ ची शर्यतीची लोटस २५ ॲल्युमिनियमची, पण विचार तोच. त्याच गाडीत जिम क्लार्क १९६३ चा जगज्जेता झाला.

आणि गंमत पाहा. ती प्लायवूडची पहिली गाडी पुढे विकली गेली आणि नाहीशी झाली. लोटसप्रेमींनी खूप शोध घेतला, पण तिचा पत्ता लागलेला नाही. ज्याने जुनी बॉडी बेधडक काढून टाकली, त्याच्याच हातची बॉडी आज सापडली तर तिचा एक खिळासुद्धा कुणी बदलू देणार नाही!

मग चॅपमन बरोबर की जपणारे बरोबर? माझ्या मते दोघेही, आपापल्या वेळी. तेव्हा ऑस्टिन पैशाला पासरी होत्या, एक कापली तर जगाचे काही बिघडत नव्हते. आज मूळ बॉडीची गाडी हाती असेल तर करवत उचलण्याआधी अशा किती उरल्या आहेत ते मोजावे. आणि बदल करायचाच तर तो नुसत्या दिसण्यासाठी नको, गाडीची एखादी खरी अडचण त्यातून सुटायला हवी. कापलेले परत जोडता येते, पण मूळचे परत येत नाही.

असो.